आमच्या बाजूचे कॉन्व्हेंट

सकाळी साडेसहाच्या सुमारास कांदिवलीच्या स्थानकावर जो उभा राहील, त्यास दोन विरुद्ध दिशांना तोंडे केलेली माणसे दिसतील : एकीकडे चर्चगेटच्या गाडीसाठी दाटलेला, डबे, पिशव्या आणि छत्र्या सावरीत चवड्यांवर उभा असलेला नोकरदारांचा समुदाय, आणि दुसरीकडे, त्या समुदायाशी आपला काही संबंध नाही अशा थाटात बोरिवलीच्या मोकळ्या गाडीची वाट पाहणारा, चुण्यांचे पिनाफोर घातलेल्या आणि वेण्या करकचून बांधलेल्या मुलींचा लहानसा घोळका. हे दृश्य मी इतकी वर्षे पाहत आलो आहे, की त्याचे कारण विचारण्याचे पुष्कळ दिवस मला सुचलेच नाही. कांदिवलीत शाळांचा तोटा नाही. पोईसरला सोळाव्या शतकात मूळ धरलेले ‘अवर लेडी ऑफ रेमेडी’चे चर्च आहे, आणि त्याच नावाची शाळाही आहे. परंतु केवळ मुलींची, जिला शाळा न म्हणता लोक ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात अशी शाळा हवी, तर एक स्थानक पुढे जाऊन बोरिवलीच्या ‘मेरी इमॅक्युलेट गर्ल्स हायस्कूल’चे फाटक गाठावे लागते, आणि आमच्या वस्तीतील कित्येक घरांनी ते गाठण्यासाठी पहाटे पाचला चूल पेटवण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आहे.

‘कॉन्व्हेंट’ या शब्दाची मराठीत जी अवस्था झाली, ती मोठी मौजेची आहे. मूळ अर्थ जोगिणींचा मठ, व्रतस्थ स्त्रियांनी एकत्र राहण्याचे ठिकाण. आमच्याकडे मठ मागे राहिला आणि शब्द शाळेला चिकटला. विदर्भात तर तो आणखी घसरत बालवर्गापर्यंत उतरला. तेथे चार वर्षांचे पोर ‘कॉन्व्हेंटला जाते’, आणि त्या कॉन्व्हेंटास एखाद्या आजोबांचे किंवा एखाद्या देवीचे नाव असले, तरी कोणास त्यात विसंगती दिसत नाही. विवाहविषयक जाहिरातींतून ‘कॉन्व्हेंट-शिक्षित’ या विशेषणाने एके काळी जे काम केले, ते ‘सुस्वरूप’ आणि ‘गृहकृत्यदक्ष’ या दोन जुन्या विशेषणांना मिळूनही साधले नव्हते. शब्दाचा हा डौल ज्या संस्थेच्या जिवावर उभा राहिला, तिच्याकडे मात्र जाहिरात वाचणाऱ्यांनी फारसे निरखून पाहिले नाही.

बोरिवलीच्या या परिसरास ‘माउंट पॉइन्सूर’ म्हणण्याची तिकडील ख्रिस्ती रहिवाशांची रीत आहे. नावावरून आमच्या पोईसरची आठवण व्हावी. पण खाली जी लेणी आहेत, त्यांचे नाव मंडपेश्वर, आणि पोर्तुगीजांच्या जिभेवर मंडपेश्वराचे ‘मॉन्पेझीर’ असे काहीतरी होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन नावांची सरमिसळ कशी झाली असावी याचा तर्क बांधता येतो. लेणी शैव, शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प मिरवणारी. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियु दु पोर्तु नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने त्या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या टेकाडावर राजाश्रयाने अनाथ व नवख्रिस्ती मुलांसाठी विद्यालय उभारले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टीचा मुलूख मराठ्यांकडे आला आणि त्या वैभवाचे अवशेष तेवढे उरले. म्हणजे आमच्या बाजूस कॅथलिक शिक्षणाची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ती परंपरा मुलग्यांची होती. पाद्र्यांच्या शाळेत मुलगा लॅटिन आणि गायन शिकला, मुलीस प्रार्थना पाठ आली म्हणजे झाले, हा न्याय पुढे तीनशे वर्षे अबाधित राहिला. आणि या बाबतीत ख्रिस्ती पाखाडी व शेजारची हिंदू आळी यांच्यात उणेअधिक म्हणण्यासारखा भेद नव्हता.

तो न्याय मोडला तो मुंबई शहरात, आणि तोही परदेशातून आलेल्या स्त्रियांनी. फ्रान्समधील लिआँ शहरी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत आपल्या दोन भावांचा वध पाहिलेल्या क्लोदीन थेवने या बाईंनी १८१८ साली ‘जीझस अँड मेरी’ या नावाचा भगिनीसंघ स्थापिला. त्या संघाच्या काही भगिनी १८४२ च्या जानेवारीत निघाल्या आणि नोव्हेंबरात आग्र्यास पोहोचल्या. १८५० मध्ये त्यांचे पाऊल मुंबईस पडले, आणि भायखळ्याच्या क्लेअर रोडवरील त्यांचे कॉन्व्हेंट हे पुढे या जातीच्या संस्थांचे जणू मूळ पीठ ठरले. बेल्जममधील लिएज येथे १८३३ साली जान हाझ यांनी स्थापिलेल्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या भगिनी १८६२ मध्ये कराचीस उतरल्या. त्यांनीच पुढे वांद्र्याच्या हिल रोडवरील सेंट जोसेफ कॉन्व्हेंट नावारूपास आणले आणि १८९५ साली पाचगणीच्या थंड हवेतही एक शाळा घातली. या कालानुक्रमाकडे पाहताना हेही स्मरावे, की अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ सालीच काढली होती, आणि पुण्यास भिडेवाड्यात जोतिराव व सावित्रीबाई यांची शाळा १८४८ मध्ये सुरू झाली होती. तेव्हा आद्यत्वाचा मान कॉन्व्हेंटास देण्याचे कारण नाही. कॉन्व्हेंटाचे वैशिष्ट्य निराळे होते. त्या शाळा एखाद्या सुधारकाच्या उत्साहावर किंवा एखाद्या दांपत्याच्या हिमतीवर अवलंबून नव्हत्या. एक भगिनी वारली की दुसरी तिच्या जागी उभी राही, आणि वर्गाची घंटा चुकत नसे.

हीच गोष्ट त्या काळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकासही घडत होती. आन-मारी झावुहे या फ्रेंच बाईंनी स्थापिलेल्या ‘सेंट जोसेफ ऑफ क्लूनी’ या संघाच्या भगिनी १८२७ मध्ये पुदुच्चेरीस आल्या आणि १८३६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर उतरल्या. तेथील पोर्ट ऑफ स्पेनचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट अद्याप चालू आहे. जमेकात किंग्स्टनचे ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ हे मुलींचे हायस्कूल १८५८ चे. त्रिनिदादच्या भगिनी आल्या तेव्हा गुलामगिरी कायद्याने संपून दोनच वर्षे झाली होती. बेटावरील कॅथलिक माणूस घरात फ्रेंच वळणाची क्रिओल बोलत असे आणि सरकारदरबारी इंग्रजीचा अंमल होता. घरची बोली फाटकाबाहेर ठेवून आत यावयाचे हा तेथील मुलीचा अनुभव वाचताना मला दर वेळी आमच्या गावठाणांची आठवण येते. त्याविषयी पुढे बोलू.

भायखळा आणि वांदरे येथे कॉन्व्हेंटे उभी राहिली, तरी आमच्या उत्तर बाजूस ती यावयास फार उशीर लागला. १८६७ साली विरारपासून मुंबईस जी पहिली गाडी सुटली, तिच्या थांब्यांत बोरिवली होते, पण कांदिवलीचा पत्ता नव्हता. आमचे स्थानक विसाव्या शतकात झाले. दुसरे कारण चर्चच्या अंतर्गत राज्यव्यवस्थेचे. मुंबईतील कॅथलिक प्रजेवर दोन सत्ता चालत : एक रोमहून नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांची, दुसरी गोव्याच्या द्वारे पोर्तुगालच्या राजाची. साष्टीतील जुनी चर्चे बव्हंशी या दुसऱ्या सत्तेखालची. युरोपातील नवे भगिनीसंघ पहिल्या सत्तेच्या आमंत्रणावरून आलेले. एकाच गावात दोन चर्चे, दोन पाद्री आणि त्यांच्या अनुयायांत पाण्यावरून व्हावेत तसे तंटे, असा हा मामला शंभरावर वर्षे चालला. १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात तह होऊन दमणचा धर्मप्रांत मोडला आणि त्याचा ब्रिटिश हद्दीतील भाग मुंबईस जोडला गेला. आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा इंग्रज असावा, अशी तडजोड झाली. ती १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप होईपर्यंत टिकली. योगायोग असा, की त्याच १९२८ च्या जानेवारीत विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली होती. वीज आणि तह या दोहोंपैकी कॉन्व्हेंट आमच्या बाजूस कोणी अधिक ओढून आणले, याचा निवाडा मी करू इच्छीत नाही. पण मला विजेचा पक्ष बळकट वाटतो.

आता संस्थेच्या आत जाऊ. माझी कन्या अशाच एका शाळेत दहा वर्षे होती, त्यामुळे फाटकाच्या आतील काही गोष्टी मला तिच्या डोळ्यांनी पाहावयास मिळाल्या. पहिली गोष्ट घंटा. आमच्या घरात वेळ ही वस्तू सैल होती; ‘नऊच्या सुमारास’, ‘जेवणे झाल्यावर’, ‘ऊन उतरले म्हणजे’ अशा मापांनी आम्ही दिवस मोजीत असू. ही मुलगी पहिलीत जाऊन महिना झाला नाही तोच ‘सात वाजून पाच मिनिटांनी’ असे बोलू लागली. रांगेची घंटा, प्रार्थनेची घंटा, तासाची घंटा, मधल्या सुट्टीची घंटा, आणि त्या प्रत्येकीच्या नादात ऐकणाऱ्याच कानास कळणारा भेद. घंटेनंतर आलेल्या मुलीच्या ‘कॅलेंडर’मध्ये शेरा पडे. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचे नव्हे. शाळेचे नियम, सुट्ट्या, प्रार्थना आणि पालकांच्या सह्यांसाठी आखलेली पाने असलेली ती एक छोटी वही. त्या वहीत तीन ‘लेट रिमार्क’ साचले, की बापास बोलावणे येई. मी एकदा त्या बोलावण्यावरून गेलो होतो. सरकारी कचेरीत वरिष्ठांसमोर उभे राहताना माझे हात जितके थरथरले नाहीत तितके त्या दिवशी थरथरले, हे कबूल करावयास आता संकोच वाटत नाही.

सोमवारी नखे, बुटांचे पॉलिश आणि रिबिनींचा रंग यांची तपासणी; डबा उघडण्यापूर्वी हात जोडून म्हणावयाची दोन ओळींची प्रार्थना, जी हिंदू, जैन, पारशी, मुसलमान मुली सारख्याच वेगाने आणि सारख्याच अनवधानाने म्हणत; कॅथलिक मुली ‘कॅटेकिझम’ला गेल्या की उरलेल्यांसाठी ‘मॉरल सायन्स’; शिवणाच्या तासाला रुमालाच्या कडेवर घालावयाचे इतके बारीक टाके, की टाका मोठा पडला तर सबंध कड उसवून पुन्हा; आणि वार्षिक कवायतीसाठी दोन महिने आधीपासून मैदानात चाललेला ढोलाचा ठेका. लाल, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या ‘हाउस’मध्ये वाटलेल्या मुली परस्परांविरुद्ध अशा त्वेषाने धावत, की चौथीतील एका मुलीने घरी येऊन आपल्या सख्ख्या बहिणीशी, ती दुसऱ्या रंगाची म्हणून, दोन दिवस अबोला धरला होता. यांपैकी कोणती गोष्ट शिक्षण आणि कोणती नुसती शिस्त, हे मला कधीच नीट सांगता आले नाही. शिस्तीच्या नावाखाली मुलीचा स्वभाव मुठीत दाबला जातो, प्रश्न विचारणारीपेक्षा रांगेत नीट उभी राहणारी अधिक आवडती होते, हा आक्षेप मी पुष्कळ हुशार बायकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यात तथ्य आहे.

परंतु त्या शाळेचे खरे पाठ्यपुस्तक मला अन्यत्रच सापडले. ते म्हणजे मुख्याध्यापिकेची कचेरी. तेथे टेबलामागे एक स्त्री बसलेली असे. कंत्राटदार तिच्याशी गच्चीच्या गळतीविषयी बोलत असे, शिक्षणखात्याचा इन्स्पेक्टर तिच्यासमोर हजेरीपट उलटीत असे, दाखल्यावर तिची सही लागे, अनुदानाच्या हिशेबाची जबाबदारी तिची, आणि संध्याकाळी शिपाई फाटकाच्या किल्ल्या तिच्याच हाती आणून देई. ही स्त्री अविवाहित होती, आणि तसे राहणे तिने स्वतः पसंत केले होते. त्या काळच्या मराठी घरात अविवाहित स्त्री म्हणजे एक तर दयेचा विषय किंवा भावांवरचा भार. अशा घरातून आलेल्या दहा वर्षांच्या मुलीस, एक बाई नवरा-मुलांवाचून इतक्या माणसांची व्यवस्था लावते, कोणाच्या परवानगीवाचून ‘नाही’ म्हणते, आणि तिच्याकडे कोणी कीव करून पाहत नाही, हे रोज दिसत असे. ही गोष्ट कोणी शिकवली नाही. भगिनींना ती शिकवावयाची होती असेही नव्हे. त्यांच्या ग्रंथांतून तर आज्ञाधारकता हे व्रत मोठे. पण मुली जे शिकावयाचे ते शिकून गेल्या.

या भगिनींचे रूपही पाहता पाहता बदलले. आरंभीच्या गोऱ्या, पायघोळ झग्यांच्या आणि कपाळापर्यंत पांढऱ्या पट्टीने झाकलेल्या. कोणी फ्रेंच, कोणी बेल्जियन, कोणी जर्मन, कोणी आयरिश. पुढे गोव्याच्या, मंगळूरच्या, केरळच्या, वसईच्या. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोमला जी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली, तिच्या निर्णयांनी झगे आखूड झाले, कित्येक संघांत साडी आली, आणि दीक्षेच्या वेळी घेतलेली परकी संतनामे टाकून काहींनी आईबापांनी ठेवलेली नावे पुन्हा धारण केली. आता शाळेत भगिनी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि वर्ग सांभाळणाऱ्या बहुतेक साऱ्या गृहस्थाश्रमी शिक्षिका.

मराठी नोकरदाराने मुलीस या फाटकाशी नेण्याचे कारण मात्र यांपैकी काही नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात देशी माध्यमांच्या शाळांतून इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत लांबवला गेला, तेव्हा बँकेत, रेल्वेत आणि विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या बापाच्या पोटात गोळा उठला. त्यातच ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हुकूम काढला, की अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतर कोणास इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने हुकूम अवैध ठरवला, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. बार्न्स ही अँग्लिकन शाळा, कॅथलिक नव्हे. पण तिने उघडलेल्या दारातून कॉन्व्हेंटाच्या रांगा लांबल्या. १९५७ साली आमचा भाग बृहन्मुंबईत सामील झाला, आकुर्लीच्या बाजूस कारखाने उभे राहिले, वाड्यांच्या चाळी आणि चाळींच्या सोसायट्या झाल्या. आणि प्रवेशाच्या अर्जासाठी बाप रात्रीपासून फाटकाशी रांगेत बसू लागले. सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन उठलेला मनुष्य, मुलीच्या मुलाखतीपूर्वी मदर मेरीच्या पुतळ्यासमोर मेणबत्ती लावताना मी पाहिला आहे. त्यात ढोंग नव्हते.

आणि याच वेळी त्याच फाटकातून एक भाषा हळूच बाहेर पडत होती. उत्तर उपनगरांतील मूळचे कॅथलिक म्हणजे ईस्ट इंडियन. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे स्थानिक, हे दाखवण्यासाठी त्यांनी हे नाव घेतले. नाव इंग्रजी, पण घरची बोली मराठी. लुगडे मराठी, लग्नाची गाणी मराठी. मराठी ही ख्रिस्ती भक्तीची परकी भाषा कधीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालचे, ओवीबद्ध. ते लिहिणारा इंग्रज होता, याचे आश्चर्य आपल्याला अद्याप पुरेसे वाटलेले नाही. अशा समाजाच्या मुली आपल्याच धर्माच्या शाळेत गेल्या आणि इंग्रजी होऊन बाहेर आल्या. देशस्थ, कोकणस्थ, मराठा कारकुनाची मुलगी घरी मराठी ठेवून इंग्रजी मिळवण्यास आत गेली. पोईसरच्या गावठाणातील मुलीस मात्र शाळेची भाषा, चर्चची भाषा आणि नोकरीची भाषा एकच मिळाली, तेव्हा घराची भाषा कोणत्या कोनाड्यात ठेवावी हे तिला उमजेना. वसईकडे असे झाले नाही. तेथे पाद्री मराठीत प्रवचन करीत राहिले, ‘सुवार्ता’ मासिक निघाले, आणि तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसई आणि बोरिवली यांच्यात खाडी आहे खरी, पण हा फरक खाडीने पडलेला नाही. तो रेल्वेच्या पासाने पडला. बोरिवलीचा बाप फोर्टात नोकरीस जात होता, वसईचा वाडीत.

कॉन्व्हेंटात मराठी अगदी नव्हतीच असेही नव्हे. ‘लोअर मराठी’ आणि ‘हायर मराठी’ अशी तिची दोन वजने होती, आणि ती शिकवणाऱ्या बाई बहुधा शाळेतील एकमेव नऊवारीतून सहावारीत आलेल्या, गजरा माळणाऱ्या. एका शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलल्यास चार आण्यांचा दंड होता. गमतीचा भाग असा, की तो गोळा करण्याचे काम इमानेइतबारे या बाईच करीत. २०२० साली राज्याने कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. तेव्हा दंड गेला होता, चार आणेही गेले होते, आणि वर्गातील अर्ध्याअधिक मुलींच्या घरी गुजराती किंवा हिंदी बोलली जात होती.

गेल्या मे महिन्यात, संध्याकाळी, मी पोईसरच्या जुन्या वस्तीतून येत होतो. मे हा मारियेचा महिना. वाटेवरच्या क्रुसाला झेंडूच्या माळा घालून, मेणबत्त्या लावून शेजारची माणसे तेथे रोज जपमाळ म्हणतात. एक वृद्ध बाई, गुलबट लुगड्यातील, मराठीत प्रार्थना सांगत होती : ‘नमो मारिये’. तिच्या शेजारी पिनाफोर घातलेली नात उभी होती, शाळेची रिबीन अजून वेणीत. आजीचा अर्धा भाग संपला की उरलेला अर्धा नात म्हणत होती, इंग्रजीत, आजीच्याच हेलात. मणी पुढे सरकत होते, आणि दोघींपैकी कोणीही अडखळत नव्हते. मी तेथे थोडा वेळ उभा राहिलो. मग घंटा झाली, ती चर्चची की शाळेची हे मला ओळखता आले नाही. नातीला आले, तिने आजीचा हात ओढला आणि म्हणाली, ‘ग्रॅनी, चल, सात वाजून पाच झाले.’